पहिला मान

हॅलिफॅक्समधल्या बँड-हॉलची मागची खोली,
भिंतीला टेकून उभ्या वाद्यांच्या काळ्या पेट्या.
डोरीन अकरॉइड म्हणाली, हे बघ,
दोनदा शिंकतो आणि गप्प बसतो.
शनिवारी कार्यक्रम आहे
आणि सव्वीस जणांची नोटेशन्स ह्याच्या पोटात.

पडदा काळा. वर एकच पांढरी ओळ:
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.
नमनाला घडाभर तेल,
आणि पुढे नाटकच नाही.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते,
म्हणून गल्लीतलं बिघडलेलं सगळं माझ्याकडे येतं.
टोस्टर, कानाची यंत्रं, एकदा तर हेजहॉग.

बटण दाबलं आणि एफ-टू.
उशीर झाला.
परत. उशीर.
फट फार अरुंद असते ती,
दोघींनी फिरवलेल्या दोरीत
तिसरीने उडी घ्यायची असते, तेवढीच.
मग मी टकटकच लावली
(डोरीन: अगं, दार मोडशील)
आणि निळं पान उघडलं.

माऊस मुका. नुसते बाण.
तारीख एक जानेवारी दोन हजार नऊ,
रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.
खिडकीत मात्र नोव्हेंबर,
दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेले.

पण इथे पासवर्ड होता, डोरीन म्हणाली.
क्लिफर्डने लावलेला.
क्लिफर्ड म्हणजे हिच्या आधी नोटेशन्स सांभाळायचा तो.
तिसरा कॉर्नेट वाजवणारीबरोबर टॉर्कीला गेला.
जाताना किल्ल्या दिल्या,
शब्द दिला नाही.

मी प्लग काढला, झाकण उघडलं.
धुळीत, जुन्या रुपयाएवढी एक बॅटरी,
कधीतरी निमूट संपलेली.
तिच्याबरोबर मशीन सगळं विसरलं:
वेळ, क्रम, कुलूपसुद्धा.
विसरलं म्हणून तर आत शिरता आलं.

म्हणजे तोही पुसला गेला?
तेवढा भाग, हो.
डोरीनने चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि पिशवीतून नवी बॅटरी काढली,
वजनकाट्यासाठी आणलेली.
काटा थांबू दे म्हणाली,
तसाही खोटं बोलतो तो.

पुन्हा ती फट. या वेळी पहिल्याच उडीत.
आता यादी: कुणाला आधी हाक मारायची.
पहिला मान फ्लॉपीला!
कधीच गेलेल्या काकांचं नाव
लग्नपत्रिकेत अजून सगळ्यांत वर असावं, तसं.
दुसरा नेटवर्कला, ज्याची तार या खोलीत पोचतच नाही.
तिसरा पुढे खोचलेल्या पेनड्राइव्हला,
ट्रॉम्बोनच्या आकाराचा तो,
आत नाताळच्या जेवणाचे सतरा फोटो.
आणि जिच्याकडे सगळं आहे ती हार्ड डिस्क
मांडवातच नाही.

इथे मला घाम फुटला, खरं सांगते.
डिस्क मेली असेल तर शनिवारही गेला.
खाली खाली जात एका ओळीवर थांबले,
डिस्कशी कुठल्या बोलीत बोलायचं ती ओळ.
भलत्याच बोलीवर जाऊन बसलेली.
बदलली. जतन. पुन्हा सुरू. पुन्हा टकटक.
आणि यादीच्या तळाशी ती आली,
तिच्या लांबलचक आकड्यांच्या नावासकट.

वर. वर. अजून एक घर वर.
बस इथे, पहिल्या पाटावर.

तारीख घातली. वेळ डोरीनने सांगितली,
हॉलच्या घड्याळातली, जे पाच मिनिटं पुढे असतं
बस चुकू नये म्हणून.
नवा पासवर्ड लावू?
तिने नोटेशनच्या स्टँडची चिकटपट्टी फाडली,
जाड पेनाने लिहिलं:
एफ-टू. लगेच. टकटक करत राहा.
आणि मॉनिटरच्या कपाळावर लावली,
कुणालाही दिसेल अशी.

एकदाच शिंकलं. पंखा फिरला.
निळं पान गेलं आणि डोंगर आले,
मग फाइलींची रांग.
प्रिंटर अर्धा तास कुरकुरत होता,
डोरीन एकेक कागद पेटीत लावत होती.
तिसऱ्या कॉर्नेटपाशी तिने माझा हात धरला.
तेवढा नको, म्हणाली.
कागद महाग झालाय.